बॉयलर-कामगारांचे बहिरेपण : एका ज्ञात व्याधीची उपेक्षा

इ. स. १९८४ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मस्टिल ह्यांच्यासमोर एका महत्त्वाच्या दाव्याचा निकाल लागला. टाइन नदीकाठच्या जहाजबांधणीच्या व जहाजदुरुस्तीच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे राबलेल्या काही मजुरांनी, कामावरील गोंगाटामुळे आपली श्रवणशक्ती गेली म्हणून मालकांकडे नुकसानभरपाई मागितली होती. गोंगाटाने बहिरेपण येते की नाही, हा वादाचा मुद्दा उरलेलाच नव्हता. ही गोष्ट मालकाला केव्हापासून माहीत असावयास हवी होती आणि तिजवर उपाय योजणे केव्हापासून त्याचे कर्तव्य ठरते, हा खरा प्रश्न होता. न्यायालयाने त्यासाठी १९६३ हे वर्ष मुक्रर केले. त्या वर्षी ब्रिटनच्या मजूर मंत्रालयाने गोंगाट व कामगार ह्या विषयावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली होती. तेथून पुढे मालकाला अज्ञानाची सबब सांगता येणार नाही, असा निर्णय झाला.

ह्या वर्षाशेजारी दुसरे एक वर्ष ठेवले म्हणजे अभ्यासकाला थबकावे लागते. ग्लासगो येथील कर्णरोगचिकित्सक टॉमस बार ह्यांनी बॉयलर बांधणाऱ्या कामगारांच्या बहिरेपणाविषयीचा आपला शोधनिबंध त्या शहराच्या फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे मांडला तो १८८६ मध्ये. म्हणजे सत्त्याहत्तर वर्षे एक गोष्ट शास्त्राला ज्ञात होती आणि तरीही कायद्याच्या दृष्टीने ती ज्ञात नव्हती. हे अंतर कशाने पडले, ह्याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

बार ह्यांच्याही मागे जाता येते. व्यवसायजन्य रोगांच्या अभ्यासाचा पाया घालणारा इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी ह्याने आपला ग्रंथ १७०० मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याच्या १७१३ च्या वाढविलेल्या आवृत्तीत व्हेनिसच्या तांबटांविषयी लिहिले. व्हेनिसमध्ये तांबटांची एक स्वतंत्र वस्तीच होती व दिवसभर तेथे ठोकाठोक चाले. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ह्या वर्णनासाठी कल्पनाशक्ती ताणावी लागणार नाही. हे कारागीर म्हातारपणी पुरते बहिरे होतात, असे रामाझ्झिनी नोंदवितो आणि नाईलच्या धबधब्यांशेजारी राहणाऱ्या लोकांचा दाखला देतो. पुढे १८३१ मध्ये जॉन फॉस्ब्रोक ह्या इंग्रज वैद्याने 'लॅन्सेट' नियतकालिकात लोहारांच्या बहिरेपणाविषयी लिहिले. ही व्याधी चाळिशी-पन्नाशीच्या सुमारास हळूहळू अंगावर चालून येते. आधी बारीक आवाज ऐकू येईनासे होतात, मग कानांत नाद सुरू होतो, क्वचित भोवळ येते, असे त्याचे निरीक्षण आहे. त्याने कानातील नादाला बहिरेपणाइतकेच स्थान दिले आहे, हे येथे ध्यानात ठेवावे. कारण पुढच्या इतिहासात ते टिकले नाही.

भारतीय वैद्यकाला ही लक्षणे अपरिचित नव्हती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात सांगितलेल्या अठ्ठावीस कर्णरोगांत कर्णनाद, कर्णक्ष्वेड आणि बाधिर्य हे तिन्ही स्वतंत्रपणे मोजले आहेत. भेरी, मृदंग वा शंख ह्यांसारखा नाद निराळा आणि वेणूसारखा सूर निराळा, इतका सूक्ष्म भेद आयुर्वेदाच्या परंपरेने केलेला आहे. मात्र त्यांची उपपत्ती प्रामुख्याने वाताच्या विकृतीत शोधलेली असल्यामुळे व्यवसायाशी त्यांचा सांधा जुळला नाही. मराठी भाषेतही 'कानठळ्या बसणे' हा वाक्प्रचार आहे खरा, पण तो एखाद्या स्फोटाने क्षणभर येणाऱ्या बधिरतेचा होय. वीस वर्षांत थेंबाथेंबाने येणाऱ्या बहिरेपणाला लोकभाषेने वेगळे नाव दिलेले दिसत नाही.

बार ह्यांच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळची बॉयलरची बांधणी कशी चाले हे पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्लाइड नदीच्या काठी आगबोटी व त्यांची इंजिने बांधण्याचा उद्योग भरभराटीला आला होता. लोखंडी पत्रे एकमेकांवर ठेवून, त्यांना पाडलेल्या भोकांतून तापवून लाल केलेले रिवेट घालावयाचे आणि ते थंड होण्यापूर्वी त्यांचे टोक ठोकून चपटे करावयाचे, अशी रीत होती. एक पोरगा भट्टीवर रिवेट तापवी, बाहेरून दोघे कामगार घण मारीत, आणि आतून एक जण जड हातोडा रिवेटच्या माथ्याशी दाबून धरी. हा आतला माणूस बंद पिंपासारख्या बॉयलरच्या पोटात बसलेला असे. त्याचे डोके पत्र्यापासून हातभर अंतरावर, प्रत्येक घाव चोहोंकडून परतून त्याच्याच कानांवर आदळणारा, आणि शेजारच्या टोळ्यांचे घाव वेगळेच. घंटेच्या आत बसून घंटा वाजविण्यासारखाच हा प्रकार होता.

बार ह्यांनी अशा शंभर कामगारांचे कान तपासले. एवढ्यावरच ते थांबले असते तर त्यांचा निबंध फॉस्ब्रोकच्या टिपणापेक्षा फार पुढे गेला नसता. त्यांनी तुलनेसाठी ओतकाम करणारे शंभर लोहकामगार आणि शंभर टपालवालेही तपासले. ओतकाम करणारे बॉयलर-कामगारांच्याच सामाजिक थरातले, पण त्यांच्या धंद्यात ठोकाठोक कमी. टपालवाले उघड्या हवेत हिंडणारे. वय, गरिबी वा हवामान ह्यांवर बहिरेपणाचे खापर फोडता येऊ नये, अशी ही योजना होती. त्या काळच्या व्यवसायरोगविषयक लेखनात इतकी सावध रचना विरळाच आढळते. मोजमापाचे साधन मात्र साधे होते, खिशातले घड्याळ. त्याची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते हे प्रत्येक कानासाठी पाहिले जाई. शिवाय सार्वजनिक सभेत वक्त्याचे बोलणे ऐकू येते काय, असाही प्रश्न विचारला जाई. निष्कर्ष निर्विवाद होता. शंभर बॉयलर-कामगारांपैकी एकाचेही श्रवण निकोप आढळले नाही, आणि सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना सभेतील भाषण ऐकण्यास अडचण पडत होती. इतर दोन गटांत असे लोक अगदी थोडे होते.

घड्याळाची निवड सोयीपोटी झाली असेल, परंतु ती अचूक ठरली. टिकटिक हा उच्च पट्टीतला आवाज. आणि गोंगाटाने पहिला घाला पडतो तो उच्च पट्टीच्या श्रवणावरच. पुढे श्रवणमापक यंत्रे आल्यावर असे दिसून आले की, सेकंदाला ४००० कंपनांच्या आसपासचे श्रवण प्रथम खचते आणि मग ती खाच दोहों बाजूंना रुंदावत जाते. माणसाच्या बोलण्यातील स्वर खालच्या पट्टीत असतात, तर स, श, त, क ह्यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीवर अवलंबून असते. म्हणून अशा रोग्याला आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही. एकट्याशी तो बरा बोलतो. चार माणसांत बसला की गोंधळतो. हळू बोललेले ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोललेले एकदम असह्य होते. घरची माणसे त्याला हेकट किंवा मंद समजू लागतात. बार ह्यांचा सभेविषयीचा प्रश्न ह्या दृष्टीने घड्याळापेक्षाही अधिक मार्मिक म्हणावा लागेल, कारण माणूस समाजातून कसा उठत जातो ते त्यातून कळते.

चार वर्षांनी, १८९० मध्ये, योहानेस हाबरमान ह्यांनी बहिऱ्या झालेल्या एका वृद्ध बॉयलर-कामगाराच्या कानाचे मरणोत्तर सूक्ष्मदर्शकीय परीक्षण प्रसिद्ध केले. ह्या गृहस्थाला आगगाडीचा आवाज ऐकू न आल्यामुळे तिच्याखाली सापडून मृत्यू आला होता. अंतःकर्णातील शंखाकृती नलिकेच्या तळाच्या वेढ्यात, जेथे उच्च पट्टीचे आवाज ग्रहण केले जातात तेथे, संवेदक पेशी व मज्जातंतू नष्ट झालेले आढळले. म्हणजे एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच कारण, परिणाम आणि शारीरिक स्थान ही तिन्ही हाती आली होती.

मग अडले कोठे? पहिले उत्तर भरपाईच्या कायद्याच्या घडणीत सापडते. ब्रिटनच्या १९०६ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने शिसे, पारा, फॉस्फरस, आर्सेनिक इत्यादींपासून होणाऱ्या रोगांना अपघातांच्या पंक्तीत बसविले. परंतु ही भरपाई बुडालेल्या मजुरीची होती. बहिरा बॉयलर-कामगार मजुरी गमावीत नव्हता. तो दुसऱ्या दिवशी कामावर हजर होऊन तितकेच रिवेट ठोकीत होता. त्याचे नुकसान कारखान्याबाहेर, घरात आणि सभेत होत होते, आणि ते मोजण्याचे माप कायद्यापाशी नव्हते. दुसरे उत्तर कामगारांच्या मनोवृत्तीत आहे. 'बॉयलरवाल्याचे बहिरेपण' हे रूढ नावच असे सुचविते की, हाताला घट्टे पडावेत तसे कानाला हे व्हावयाचेच. ज्या व्याधीला धंद्याचे नाव मिळते तिच्याकडे धंद्याची खूण म्हणूनच पाहिले जाण्याचा धोका असतो. घणाची जागा वायुदाबावर चालणाऱ्या हातोड्यांनी घेतली तेव्हा गोंगाट कमी न होता वाढलाच.

कानातल्या नादाची कथा याहून करुण आहे. फ्रेंच वैद्य इतार ह्याने १८२१ च्या आपल्या ग्रंथात त्याचे विवेचन केले होते आणि बाहेरच्या आवाजाने आतला नाद झाकावा असा उपाय सुचविला होता : कोणाला धडधडती शेकोटी, कोणाला सुरसुरणारे ओले लाकूड, कोणाला पाणचक्कीशेजारी निवास. ह्या रोग्यांना शांतता हीच वैरीण वाटते, विशेषतः रात्रीची, हे त्याने ओळखले होते. तथापि वैद्यकाने पुढे जी दिशा धरली ती मोजमापाची होती. घड्याळ, नाद-चिमटा आणि १९२० नंतरच्या दशकांत विजेचा श्रवणमापक ह्यांनी 'किती ऐकू येत नाही' हे सांगता येऊ लागले. 'नसलेले किती ऐकू येते' हे सांगता येईना. ते केवळ रोग्याच्या शब्दावर विसंबून मानावे लागे, आणि भरपाई मागणाऱ्याच्या शब्दावर कोणत्याही कचेरीचा विश्वास कमीच असतो. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत पोर्टलंड येथे जॅक व्हर्नन ह्यांनी नाद झाकणारी छोटी यंत्रे प्रचारात आणली. त्यांना ती कल्पना एका कारंज्यापाशी सुचल्याची हकीकत सांगितली जाते. इतारची पाणचक्की दीडशे वर्षांनी अशी परत आली.

ब्रिटनमध्ये चक्रे फिरली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि त्यातही १९६३ च्या पुस्तिकेनंतर. १९७० मध्ये बर्न्स व रॉबिन्सन ह्यांनी गोंगाटाची तीव्रता, कालावधी आणि श्रवणहानी ह्यांचे गणिती नाते प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी जहाजांचे पंखे घडविणाऱ्या कारखान्यातील एका कामगाराने मालकाविरुद्ध दावा जिंकला. तेथे कानांत घालावयाची बोंडे ठेवलेली होती, पण ती वापरण्याविषयी कोणी आग्रह धरीत नव्हते. १९७४ मध्ये व्यवसायजन्य बहिरेपण सरकारी विमायोजनेत आले. भारतात कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत ह्या व्याधीचा समावेश झाला. ब्रिटिश योजनेची अट मात्र अशी होती की, दोन्ही कानांत सरासरी किमान ५० डेसिबेल हानी हवी आणि विहित कामात वीस वर्षे गेलेली हवीत. म्हणजे ज्याचा कान अद्याप तेवढा खचला नाही, पण ज्याला रात्रभर आतली शिटी झोपू देत नाही, असा माणूस उंबरठ्याबाहेरच राहिला.

१९८४ च्या निकालात ह्या इतिहासाची सर्वांत विलक्षण गाठ पडते. १९६३ पूर्वीच्या हानीची जबाबदारी मालकावर नाही आणि नंतरच्या हानीची आहे, असे ठरल्यामुळे न्यायमूर्तींना एकाच माणसाच्या बहिरेपणाची वाटणी करावी लागली. धोका आधीपासून ठाऊक होता हे त्यांनी नाकारले नाही. सगळा उद्योगच जेथे उदासीन होता तेथे एकट्या मालकाला दोष देता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. परंतु कान वर्षाकाठी सारख्या हप्त्याने जात नाहीत. उच्च पट्टीच्या श्रवणाची बहुतेक हानी पहिल्या दहाएक वर्षांतच होऊन जाते आणि पुढे तिचा वेग मंदावतो. जे मजूर १९४० च्या सुमारास गोदीत शिरले होते त्यांच्या वाट्याला येणारी भरपाई ह्या हिशेबात उरलेल्या, मंद वर्षांपुरतीच राहिली.