आवाजाच्या आधीची नळी

जुन्नर तालुक्यातल्या निमगाव सावाहून नारायणगावला येऊन पुणे-नाशिक रस्त्याने दक्षिणेला निघाले की मंचर, राजगुरुनगर आणि मग चाकण लागते. या रस्त्याने रोज हजारो मोटारसायकली धावतात आणि त्यांतल्या कित्येकींचा सायलेन्सर कंपनीचा राहिलेला नसतो. पिकअप वाढतो, असे सांगून तो बदललेला असतो. बदलले जाते ते मागचे नळकांडे. इंजिनाच्या तोंडाला बसणारी पुढची वाकडी नळी, जिला गॅरेजमध्ये बेंड पाईप म्हणतात आणि शर्यतीच्या जगात हेडर, ती बहुधा आहे तशीच राहते. गाडीच्या ताकदीचा संबंध मात्र मुख्यतः या पुढच्या नळीशी आहे. हेडर बनवणाऱ्यांचा शंभरेक वर्षांचा इतिहास पाहिला तर तो आवाज वाढवण्याचा इतिहास नाही, वेळ साधण्याचा आहे, असे माझे म्हणणे आहे. आपल्याकडे या धंद्याची जी शाखा रस्त्याकडेच्या दुकानांत रुजली तिने मूळ विद्या घेतलीच नाही, फक्त तिची खूण उचलली. ती विद्या महाराष्ट्रात आली, पण दुसऱ्या दाराने.

आधी नळीचे काम समजून घ्यावे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की सिलिंडरमधला दाब एका धक्क्याने नळीत शिरतो. तापलेल्या वायूत हा धक्का सेकंदाला साधारण ५०० मीटर वेगाने पळतो. नळी जिथे एकदम रुंद होते किंवा उघडी पडते तिथे पोचला की तो उलटा फिरतो, आणि फिरताना त्याचा स्वभाव पालटतो: दाबाची लाट गेली, ओढीची लाट परत आली. ही ओढ नेमक्या क्षणी व्हॉल्व्हपाशी पोचली तर उरलासुरला धूर बाहेर खेचते आणि पाठोपाठ ताजे मिश्रणही आत ओढून घेते. नळी ७५ सेंटिमीटरची असेल तर जाऊन येऊन दीड मीटर, म्हणजे सेकंदाच्या हजार भागांतले ३ भाग. इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर असेल तर एक फेरा अशा १० भागांत पुरा होतो. म्हणजे लाट परत येईतो क्रँक जवळजवळ एक तृतीयांश फिरलेला असतो. फेऱ्या ३,००० वर आल्या की हा हिशेब बदलतो. लाट एकदाच येत नाही, पुन्हापुन्हा आपटत राहते. तिची कोणती फेरी दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असताना पोचवायची, हे नळीच्या लांबीने ठरते. व्यास चुकला तर वायूचा वेग मरतो. कानाला जे ऐकू येते ते हे सगळे घडून गेल्यावर बाहेर पडलेले उरलेसुरले.

आवाज आणि ताकद ही दोन वेगळी खाती आहेत, हे शर्यतवाल्यांना शेजाऱ्यांनी शिकवले. इंग्लंडमध्ये सरे परगण्यातला ब्रुकलँड्सचा काँक्रीटचा ट्रॅक १९०७ साली सुरू झाला. आसपासचे रहिवासी गोंगाटाला कंटाळून १९२४ मध्ये न्यायालयात गेले, आणि त्यानंतर तिथे शर्यतीच्या गाड्यांनाही सायलेन्सर सक्तीचा झाला. चपट्या, बोजड डब्यासारखा तो सायलेन्सर ‘ब्रुकलँड्स कॅन’ म्हणून ओळखला जाऊ लागला. वेग तिथेच संपायला हवा होता, पण झाले उलटे. डब्याच्या आधी नळी किती लांब ठेवायची याचा अभ्यास सुरू झाला आणि विक्रम मोडत राहिले. या ट्रॅकवर शर्यतीत ताशी १०० मैलांच्या वर फेरी मारणाऱ्या मोटारसायकलस्वाराला सोन्याचा तारा मिळत असे. जून १९३७ मध्ये वॉल हँडलीने बीएसए कंपनीच्या एम्पायर स्टारवर तो मिळवला आणि कंपनीने पुढच्या वर्षीच्या मॉडेलला गोल्ड स्टार हेच नाव दिले. युद्धानंतर, पन्नाशीच्या दशकात, याच गाडीच्या शेवटच्या पिढीची मागे ओढून घेतलेली नळी आणि तिचा निमुळता सायलेन्सर जगभर गाजले.

आज नारायणगावपासून कोल्हापूरपर्यंत बुलेटसाठी जो ‘गोल्डस्टार’ सायलेन्सर मागितला जातो त्याच्या नावाचे मूळ हे आहे. म्हणजे ज्या नावाने आज मोठ्या आवाजाचे नळकांडे विकले जाते, ते नाव सायलेन्सर सक्तीचा असलेल्या ट्रॅकवर कमावलेले आहे. नावापाठोपाठ आकार आला, मापे आली नाहीत. ५०० सीसीची शेवटची गोल्ड स्टार ७,००० फेऱ्यांवर सुमारे ४२ अश्वशक्ती देत होती. तिचा कार्बोरेटर, कॅम, दाबाचे प्रमाण, गिअर आणि नळी ही सगळी एकमेकांशी जुळवलेली होती. मद्रासमध्ये १९५५ पासून बनू लागलेली ३५० सीसीची जुनी बुलेट १८ अश्वशक्तीची, कमी दाबावर संथ चालणारी. तिच्या शेपटाला त्या गाडीचा आकार लावल्याने तिचा श्वास बदलत नाही. बुलेट चांगली गाडी आहे, पण ती वेगळ्या कामासाठी घडवलेली आहे.

हेडर हा स्वतंत्र धंदा झाला तो अमेरिकेत, दक्षिण कॅलिफोर्नियात. फोर्डने १९३२ मध्ये सामान्य माणसाला परवडणारे आठ सिलिंडरचे इंजिन दिले. त्यात धूर बाहेर नेण्याची व्यवस्था इतकी दाटीची होती की प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच तोंड होते. वर ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड: ओतायला स्वस्त, टिकायला भक्कम, पण एका सिलिंडरचा धक्का दुसऱ्याच्या तोंडावर आदळू देणारा. तरुणांनी तो काढून प्रत्येक तोंडाला पोलादी नळी जोडायला सुरुवात केली. नळ्या वाकवण्याची आणि जोडण्याची कसबी माणसे त्या भागात विमानांच्या कारखान्यांनी तयार केलीच होती. लॉस एंजेलिसच्या सँडी बेलाँडने यातून व्यवसाय उभा केला आणि त्याच्या नावाच्या गाडीने १९५७ व १९५८ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकली. बॉब हेडमनची कंपनी १९५४ची, गॅरी हूकरची १९६२ची. यांचे गिऱ्हाईक हौशी होते, पण घड्याळ लावून चालणाऱ्या शर्यतीत उतरणारे होते. नळी निकामी असेल तर रविवारी संध्याकाळपर्यंत ते कळत असे, आणि सोमवारी बनवणाऱ्याच्या दारात तक्रार उभी राहत असे. धंद्याला शिस्त लागली ती यामुळे.

मोटारसायकलच्या बाजूला दोन माणसांचे ऋण सगळ्यात मोठे आहे. पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीच्या वाल्टर काडेन याने टू-स्ट्रोक इंजिनासाठी आधी फुगत जाणारी आणि मग निमुळती होणारी नळी पूर्णत्वाला नेली. पहिला भाग धूर ओढतो, दुसरा भाग बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलतो. १९६१ पर्यंत त्याच्या १२५ सीसीच्या इंजिनाने लिटरमागे २०० अश्वशक्तीचा टप्पा गाठला. त्याच वर्षी त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला आणि ही विद्या सुझुकीमार्फत जपानला पोचली. दुसरा हिदेओ योशिमुरा. जपानमधल्या फुकुओकात अमेरिकी सैनिकांच्या गाड्या दुरुस्त करता करता त्याने १९५४ मध्ये दुकान काढले. होंडाच्या चार सिलिंडरच्या ७५० सीसी गाडीला कंपनी चार स्वतंत्र नळ्या आणि चार सायलेन्सर देत असे. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शर्यतीसाठी योशिमुराने त्या चारही नळ्या एकात आणल्या. वजन घटले, शिवाय एका सिलिंडरची ओढ दुसऱ्याच्या कामी आली. स्लोव्हेनियातला इगोर अक्रापोविच नव्वदीच्या आरंभी याच वाटेने आला, तोही शर्यतीतूनच. या साऱ्यांची सुरुवात छोट्या गॅरेजात किंवा कामचलाऊ शेडमध्ये झाली, हे पुढच्या वादासाठी लक्षात ठेवावे.

महाराष्ट्रात ही विद्या आली ती कारखान्यांतून. आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००० नंतरच्या दशकात डिस्कव्हर आणि पल्सरच्या बेंड पाईपला इंजिनाजवळ एक लहानशी बंद कुपी जोडली आणि तिला ‘एक्झॉसटेक’ नाव दिले. कमी आणि मधल्या फेऱ्यांवर, म्हणजे गावच्या चढावर आणि शहराच्या गर्दीत, नळीतल्या लाटा इंजिनाच्या विरुद्ध जाऊ नयेत यासाठी ती कुपी. लाखो लोकांनी ती गाडी चालवली. बेंड पाईपवरचा तो फुगवटा कशासाठी आहे हे फार थोड्यांनी विचारले. माझ्या मते आपल्या मातीत झालेले हेडरचे खरे काम हे आहे. त्याने आवाज वाढला नाही, म्हणून त्याची चर्चाही झाली नाही. पुढे चाकणला बनू लागलेल्या केटीएम ड्यूकमध्ये आखूड सायलेन्सर थेट इंजिनाच्या पोटाखाली बसवला; तिथेही नळीचे प्रत्येक वळण हिशेबाने घेतलेले. नंतर चाकणच्याच ३९० ड्यूकसाठी अक्रापोविचचा सायलेन्सर केटीएमच्या अधिकृत सुट्या भागांत आला. एवढे जवळ येऊनही आपल्या बाजारातला धंदा ‘फटाका’ आणि ‘पंजाब’ या मोठ्या आवाजाच्या नमुन्यांपुढे गेला नाही. यामाहा आरएक्स १०० ची दशा तर अधिक वाईट. तिच्या सायलेन्सरच्या पोटात काडेनचेच तत्त्व आहे. आतली जाळी काढून किंवा नळी कापून आवाज वाढवणारा माणूस तिची मिश्रण परत ढकलण्याची वेळच बिघडवून टाकतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की हे सगळे मोठ्या कारखान्यांचे खेळ. गॅरेजमधल्या मेस्त्रीकडे मोजायची साधने कुठून येणार? पण योशिमुराकडेही सुरुवातीला कारखाना नव्हता. वाळू ठासून नळी वाकवणे, आर्गन वेल्डिंगने सांधा आतून गुळगुळीत ठेवणे, ही कसबे पुणे जिल्ह्यात मुबलक आहेत. कमी आहे ती मोजून पाहण्याची सवय, आणि ती सवय इथल्या माणसाला परकी आहे असेही म्हणता येत नाही. जुन्नर-आंबेगावच्या बैलगाडा शर्यतीत घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, एकेक गाडा स्वतंत्र सुटतो आणि निकाल सेकंदांवर लागतो. भंडारा किती उधळला, हलगी किती वाजली, यावर कोणी घाटाचा राजा ठरत नाही. ज्या गावांना सेकंदाच्या तुकड्यावरून हार-जीत मान्य आहे, त्यांनी ‘आवाज बघा, गाडी कशी उठते’ हा पुरावा मोटारसायकलच्या बाबतीत का मान्य करावा? सरळ रस्त्याचा एक बंदिस्त तुकडा, एक घड्याळ आणि नळी बदलण्याआधी व नंतरच्या वेळा, एवढ्यानेही बरेचसे खरेखोटे होते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर आवाजाचे व धुराचे निकष मोडणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पुण्यासह अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत. शिवाय १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर इंजिनाजवळच्या नळीतच येऊ लागले. म्हणजे आता हेडर काढणे म्हणजे पुष्कळदा गाडीचे धूर गाळण्याचे यंत्रच काढून फेकणे. मग या धंद्याला जागा उरते कुठे? उरते, दोन ठिकाणी. एक शर्यतीचा ट्रॅक, जिथे हा धंदा जन्मला. पुणे, नाशिकला सुपरक्रॉसच्या शर्यती झालेल्या आहेत. दुसरी जागा कायद्याने तयार करायची आहे. कॅलिफोर्नियात बाहेरच्या कंपनीचा हेडर रस्त्यावर चालतो, पण त्याने प्रदूषण वाढत नाही हे तिथल्या हवा मंडळापुढे चाचणीने सिद्ध करून क्रमांक मिळवल्यावरच. आपल्याकडे चाचणीची विद्या तर घराजवळ आहे: १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहन संशोधन संस्था पुण्याच्या टेकडीवर गाड्यांचा आवाज आणि धूर मोजते. सुट्या हेडरसाठी तशी परवानगीची वाट काढणे सरकारला अशक्य नाही. बंदीने फटाका सायलेन्सर संपलेला नाही. मोजून बनवलेल्या चांगल्या नळीला मात्र उगवायलाच जागा राहिली नाही.

मोठा आवाज असला की ट्रकवाल्याला कळते, जीव वाचतो, असेही काही जण मनापासून सांगतात. सायलेन्सरचे तोंड मागे असते आणि रस्त्यावरचा मोठा धोका पुढून आणि बाजूने येतो, हे लक्षात घेतले तर त्या सांगण्यात फार दम उरत नाही. त्यापेक्षा प्रामाणिक बाजू हौशीची आहे. इंजिनाचा घनगंभीर ठोका अनेकांना आवडतो, मलाही त्यात वावगे दिसत नाही. पण १७५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकीला आपल्या नियमांनी ८० डेसिबलची मर्यादा दिली आहे, आणि त्या मर्यादेत राहूनही चांगला ठोका देणाऱ्या गाड्या कंपन्या बनवतात. त्यापलीकडचा आवाज ही स्वाराची हौस असेल, तर तिची किंमत रात्री दोन वाजता गावातल्या आजारी माणसाने आणि परीक्षेला बसलेल्या पोराने का मोजावी?

म्हणून नारायणगाव, मंचर किंवा चाकणच्या दुकानात कोणी पिकअप वाढवणारा सायलेन्सर पुढे केला, तर त्याला दोन गोष्टी विचाराव्यात. किती फेऱ्यांवर किती ताकद वाढली याचे मोजमाप कुठे आहे, आणि कन्व्हर्टर कुठे बसवला आहे? उत्तर मिळाले नाही तर कंपनीने दिलेली नळी काढू नका. आणि आयटीआय करून चाकणच्या कारखान्यात नळ्या वाकवणाऱ्या, जोडणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या मुलांनो, ज्या दिवशी तुमच्यापैकी कोणी स्वतःचा हेडर बनवेल त्या दिवशी त्याच्यासोबत मोजलेल्या आकड्यांचा कागद द्या. गिऱ्हाईक तो वाचायला शिकेल.