देणगी कीं देणें?

सार्वजनिक संस्थेचा कारभार ज्यानें कांहीं वर्षें पाहिला आहे त्याला एक गोष्ट सांगावी लागत नाहीं. वाचनालयाला कपाट देऊन त्यावर आपल्या वडिलांचें नांव घालणारा दाता मिळतो. वार्षिक समारंभाचा खर्च करणाराहि मिळतो. परंतु शिपायाचा पगार, दिव्याचें बिल आणि जागेचें भाडें यांसाठीं पैसा देणारा गृहस्थ शोधून सांपडत नाहीं. कॅनडांतील कांहीं नगरपालिका आज अशाच नीरस खर्चासाठीं, तेथील मूळ रहिवाशांनीं स्वतः चालविलेल्या सार्वजनिक संस्थांना अनुदान देतात. वरवर पाहतां ही साधी दानधर्माची बाब वाटते. आमच्या मतें ती तशी नाहीं. आणि कां नाहीं, हें समजण्यास दीडशें वर्षें मागें जावें लागतें.

ज्यांना आमच्याकडील जुनीं पुस्तकें ‘तांबडे इंडियन’ म्हणत, त्यांचीच ही हकीकत. कोलंबसाच्या चुकीमुळें आमचें नांव त्यांना चिकटलें, आणि कायद्याच्या भाषेंतून तें अद्यापि पुरतें गेलेलें नाहीं. १८६७ च्या घटना-कायद्यानें ‘इंडियन’ लोक आणि त्यांच्यासाठीं राखलेल्या जमिनी हा विषय मध्यवर्ती सरकारकडे दिला. नगरपालिकांचा विषय प्रांतांकडे गेला. या विभागणीचे परिणाम फार दूरवर पोंचले. राखीव जमिनीवर राहणारा मनुष्य मध्यवर्ती सरकारच्या ताब्यांतला. तो शहरांत आला कीं तें सरकार म्हणे, आतां हा आमचा नव्हे. प्रांत म्हणे, तुमचाच. आणि जिच्या रस्त्यावर तो उभा असे ती नगरपालिका म्हणे, आमच्याकडे हें खातेंच नाहीं. मुळांत त्यानें शहरांत यावें हेंच अपेक्षित नव्हतें. १८८५ च्या उठावानंतर मध्य कॅनडाच्या माळरानांतील प्रांतांत, राखीव जमिनीबाहेर पडण्यास सरकारी अंमलदाराची चिठ्ठी लागूं लागली. या चिठ्ठीला कायद्याचा कसलाहि आधार नव्हता. तरी ती कित्येक वर्षें चालली.

मग या लोकांना स्वतःच्या पैशानें स्वतःच्या संस्था उभारतां आल्या नसत्या काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर कायद्याच्या पुस्तकांतच आहे. पश्चिम किनाऱ्यावरील लोकांत ‘पॉटलॅच’ नांवाचा समारंभ असे. त्यांत यजमान आपली संपत्ति पाहुण्यांना वांटून टाकी, आणि त्या वांटपानेंच त्याचें पद, नांव व वारसा लोकसाक्षीनें सिद्ध होई. १८८४ सालीं हा गुन्हा ठरला. पुढें १९२७ मध्यें १४१ वें कलम आलें : आपल्या हक्कांचा दावा लढविण्यासाठीं या लोकांकडून सरकारच्या लेखी संमतीवांचून पैसा मागणें किंवा घेणें याबद्दल ५० ते २०० डॉलर दंड, अथवा दोन महिन्यांपर्यंत कैद. वांटणें हाहि गुन्हा आणि जमविणें हाहि गुन्हा! एकेक पैसा गोळा करून तळेगांवास कांचेचा कारखाना उभारणाऱ्या पैसा फंडाची ज्यांना माहिती आहे, त्यांस या कलमाचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाहीं. वर्गणी बंद झाली कीं सभा बंद पडते, चिटणीस जातो, दप्तर जातें. हीं दोन्हीं बंधनें १९५१ सालीं कायद्यांतून गेलीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे लोक मोठ्या संख्येनें शहरांत आले. खोली कोणी देईना, काम मिळेना, इस्पितळांत भाषा कळेना. तेव्हां १९५९ मध्यें विनिपेग येथें पहिलें ‘मैत्री-केंद्र’ निघालें. टोरंटोस १९६२ सालीं तसेंच केंद्र झालें. अशा केंद्रांना नित्याच्या खर्चासाठीं मध्यवर्ती सरकारची योजना १९७२ मध्यें आली. २०२१ च्या खानेसुमारींत मोठ्या शहरांत राहणारे मूळ रहिवासी सुमारें ८ लाख भरले. एकट्या विनिपेगच्या परिसरांत १ लाखावर. त्यापूर्वीं, २०१५ सालीं, निवासी शाळांच्या चौकशीसाठीं नेमलेल्या सत्यशोधन व समेट आयोगानें ९४ आवाहनें प्रसिद्ध केलीं होतीं; त्यांतील कांहीं नगरपालिकांना उद्देशून होतीं. ‘आमच्याकडे खातें नाहीं’ हें उत्तर त्यानंतर देणें अवघड झालें.

तरीहि करदाता विचारतो, एका समाजापुरता हा वेगळा फंड कशाला? प्रश्न गैरवाजवी नाहीं. त्याच्या उत्तरासाठीं एडमंटन शहराचा दक्षिण भाग पाहावा. १८७७ मध्यें पापसचेस या नायकानें सहाव्या तहास संमति दिली, आणि १८८० मध्यें त्याच्या लोकांसाठीं सुमारें ४० चौरस मैलांची जमीन मोजली गेली. १८८८ सालीं अवघ्या तिघांच्या सह्या घेऊन ती सरकारनें सोडवून घेतली व पुढें विकली. वंशजांचा दावा २००८ मध्यें सर्वोच्च न्यायालयांत मुदतबाह्य ठरला. त्या गोष्टींची कल्पना त्यांना १९७० च्या दशकांतच होती, असें न्यायालयाचें मत पडलें. कायद्याच्या दृष्टीनें तें बरोबर असेलहि. जमीन घेतली ती मध्यवर्ती सरकारनें, नगरपालिकेनें नव्हे, हेंहि खरें. परंतु तेथील नगरपालिकांचें मुख्य उत्पन्न घरपट्टीचें असतें, आणि त्या जमिनीवर आज उभ्या असलेल्या घरांची पट्टी दर वर्षीं शहराच्या तिजोरींत जमा होते. त्याच तिजोरींतून निघणाऱ्या अनुदानाला ‘देणगी’ म्हणण्यास आमची जीभ अडखळते.

येथेंच चालू खर्चाच्या अनुदानाचें महत्त्व कळतें. एखाद्या ठराविक उपक्रमापुरता पैसा दिला कीं काय करावयाचें हें देणारा ठरवितो. संस्था केवळ त्याचें काम उरकून अहवाल लिहिते. भाडें व पगार यांसाठीं पैसा मिळाला तर काय करावयाचें हें संस्थेची समिति ठरविते. ज्या लोकांच्या सभा एके काळीं कायद्यानें मोडल्या, त्यांच्या बाबतींत हा फरक हिशेबापुरता राहत नाहीं. अर्थात् रक्कम किती द्यावयाची हें अजूनहि नगरसभाच ठरविते. आणि जेथें अनुदान एकेका वर्षापुरतेंच मंजूर होतें, तेथें म्हातारीबरोबर इस्पितळांत जाणारी केंद्रांतील दुभाषीण पुढच्या हिंवाळ्यांत कामावर असेल कीं नाहीं, हें केंद्राच्या चिटणिसालाहि सांगतां येत नाहीं.