कुलुपांत पडलेलीं फुलें

आमरीचें फूल गळालें म्हणजे तिचें नांवहि जणूं गळून पडतें. मागें उरतात चिवट पानें आणि फुगीर खोडें. पण तीं अनेक जातींत इतकीं सारखीं असतात, कीं जाणत्यानेंहि संभ्रमांत पडावें. ओठासारखी एक पाकळी, पुंकेसर व स्त्रीकेसर एकजीव होऊन झालेला स्तंभ आणि परागांचे गोळे, या साऱ्या ओळखीच्या खुणा फुलांतच असतात.

म्हणून युरोपांतील वनस्पतिशास्त्रज्ञ बहराच्या वेळीं फुलें वाळवून कागदांवर जपून ठेवीत. पुढें एखादी अनोळखी आमरी फुलली, कीं तिची गांठ या जुन्या साक्षीदारांशीं घालीत. १८६५ सालीं जॉन लिंडली वारल्यावर या विद्येंत हांबुर्गच्या हाइन्रिख गुस्टाव्ह रायखेनबाख यांचा निर्णय प्रमाण मानला जाई. देशोदेशींचीं फुलें त्यांच्याकडे नांवासाठीं येत.

१८८९ सालीं ते निवर्तले. त्यांचा संग्रह मृत्युपत्रान्वयें व्हिएन्नाच्या संग्रहालयास मिळाला. परंतु अट अशी, कीं २५ वर्षें तो कोणास पाहूं देऊं नये! ज्या फुलांवरून त्यांनीं नांवें दिलीं, तींच कुलुपांत पडलीं. इतरांना त्यांच्या लॅटिन वर्णनांवर विसंबावें लागलें, आणि एकाच जातीला दुसरें नांव मिळण्याचे प्रकार घडले. मुदत संपली ती १९१४ सालीं. त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें.

रानांत थोडे दिवस टिकणारें फूल ज्यानें कागदावर चिरंजीव केलें, त्यानेंच तें पाव शतक मुकें करून ठेवलें. ते कागद आजहि व्हिएन्नांत आहेत. जुन्या नांवाचा तंटा उभा राहिला, कीं अभ्यासकांना त्यांच्याकडेच धांव घ्यावी लागते.