मेहर : आकडा आणि आधार

तलाकच्या वेळी हातावर ठेवायची किरकोळ रक्कम म्हणजे मेहर, अशी समजूत आपल्याच समाजात रुजली आहे. मुळात तसे नाही. कुरआनच्या सूरह निसामध्ये मेहर स्त्रीला खुशीने द्या, असा आदेश आहे. पत्नीला सोडताना, तिला धनाचा ढीग दिलेला असला तरी त्यातले काही परत घेऊ नका, अशी ताकीदही त्याच सूरहमध्ये आहे. म्हणजे मेहर ही स्त्रीची स्वतःची मालमत्ता. तिच्यावर ना बापाचा हक्क, ना नवऱ्याचा.

मग हा आधार पोकळ कसा झाला? याचे उत्तर न्यायालयांच्या निकालांत सापडते. मुंबईच्या बाई ताहिरा यांचा निकाह १९५६ चा आणि तलाक १९६२ चा. मेहर पाच हजार रुपये. त्यांच्या पोटगीचा खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला, तेव्हा १९७८ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी साधा हिशोब मांडला : एवढ्या रकमेच्या व्याजावर या शहरात बाई जगणार कशी? इंदूरच्या शाहबानो यांचा निकाह १९३२ चा. १९७८ मध्ये तलाक देऊन वकील पतीने मेहरचे तीन हजार रुपये कोर्टात भरले. शेहेचाळीस वर्षांत रुपयाचे मोल किती घसरले, याची दखल निकाहनाम्याने घेतलेली नव्हती. उच्च न्यायालयाने दरमहा १७९ रुपये २० पैसे पोटगी ठरवली. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

पुढचे वादळ सर्वांना ठाऊक आहे. त्यातून १९८६ चा कायदा आला. त्यावर टीका पुष्कळ झाली. परंतु त्याचे कलम ३ आपल्या घरांत फारसे कोणी वाचले नाही. न दिलेला मेहर, तसेच लग्नापूर्वी, लग्नात वा नंतर माहेरच्यांनी, पतीने, सासरच्यांनी दिलेल्या सर्व वस्तू तलाकपीडित स्त्रीच्याच, असे ते कलम सांगते. २००१ मध्ये डॅनियल लतिफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पतीने इद्दतीच्या मुदतीत करायची तरतूद ही केवळ इद्दतीपुरती नसून पुढील आयुष्याचा विचार करून करायची आहे. आणि १० जुलै २०२४ च्या निकालाने, सर्वसाधारण फौजदारी कायद्याखाली पोटगी मागण्याचा मार्गही मुस्लिम स्त्रीला खुला असल्याचे पुन्हा सांगितले.

हक्क आहे, पण तो सिद्ध करायला कागद लागतो. आणि आपण गाफील राहतो ते नेमके इथेच.

उर्दू शिकवणारी म्हणून एक गोष्ट सांगते. तात्काळ द्यायचा मेहर आणि मागाहून द्यायचा मेहर, या दोन्हींना आपण ‘मुअज्जल’च म्हणतो. उर्दूत एक शब्द ‘ऐन’ने लिहितात, दुसरा ‘हमझा’ने. देवनागरीत आणि बोलण्यात हा फरक पुसला जातो. म्हणून निकाहनाम्यावर ‘निकाहच्या वेळी दिला’ किंवा ‘मागाहून देणे आहे’ असे सरळ शब्दांत लिहून घ्यावे.

रक्कम रुपयांत न लिहिता सोन्याच्या वा चांदीच्या वजनात लिहावी. मेहर-ए-फातिमी चांदीच्याच दिरहमांत सांगितला जातो, तेव्हा ही काही नवी प्रथा नव्हे. निकाहनाम्याची प्रत माहेरी ठेवावी, दागिन्यांच्या पावत्या मुलीच्या नावाच्या असाव्यात, बँकेत तिचे स्वतंत्र खाते असावे.

आणखी एक. नवरा नांदवत नाही, खर्चही देत नाही, तेव्हा पुष्कळ मुली कंटाळून खुलअच्या कागदावर सही करतात. खुलअमध्ये बहुधा मेहर सोडावा लागतो. परंतु १९३९ च्या विवाहविच्छेद कायद्यानुसार, पतीने दोन वर्षे निर्वाहखर्च दिला नसेल तर स्त्री कोर्टातून फस्ख मिळवू शकते, आणि कलम ५ प्रमाणे तिच्या मेहरच्या हक्काला त्याने बाधा येत नाही. सही करण्यापूर्वी हा फरक तिला कोणीतरी समजावून सांगायला हवा.

निकाहच्या बैठकीत मेहरचा विषय निघाला की वडीलधारे म्हणतात, “आत्ताच तलाकची भाषा कशाला?” परंतु शरीअतने मेहर निकाहच्या वेळीच सांगितला आहे. मने जुळलेली असतानाच हिशोब लिहावा. मने तुटल्यावर तो लिहून द्यायला कोणी बसत नाही.