एकोणीस मुलं आणि एक यादी

आमच्या शाळेत जूनमध्ये फलकावर याद्या लागायच्या. आठवी अ, आठवी ब, आठवी क, आठवी ड. आदल्या वर्षीच्या टक्क्यांवरून तुकड्या पाडलेल्या असायच्या आणि ही गोष्ट कुणी लपवतही नसे. मी 'अ'मध्ये होते, माझा चुलतभाऊ 'ड'मध्ये. घर एकच, रात्री अभ्यासाला बसायची खोली एकच, आणि विज्ञानाचे सरसुद्धा दोन्ही तुकड्यांना तेच. पण माझ्या वहीत सरांनी फळ्यावर घातलेली जास्तीची गणितं असायची, त्याच्या वहीत फक्त धड्याखालची प्रश्नोत्तरं. 'तुम्हाला ही गणितं नाही घातली?' असं मी एकदा विचारलं, तर तो म्हणाला, 'आम्हाला सर म्हणतात, तुम्ही एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.'

दहावीला त्याला माझ्यापेक्षा बरेच कमी मार्क पडले. घरात कुणाला आश्चर्य वाटलं नाही. 'ड'मधलाच तो, असं सगळे म्हणाले.

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी विज्ञानशिक्षणात पीएचडीला आले, आणि तेव्हा ही गोष्ट मला पुन्हा आठवली. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे पहिला प्रश्न पडतो तो कार्यकारणाचा. तो मागे होता म्हणून सरांची अपेक्षा कमी होती, की सरांची अपेक्षा कमी होती म्हणून तो मागे राहिला? नुसतं वर्गात बसून बघितलं तर दोन्ही गोष्टी अगदी सारख्याच दिसतात. हा गुंता सोडवण्याचा सगळ्यात गाजलेला प्रयत्न १९६० च्या दशकात अमेरिकेत झाला. तो आजही शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगितला जातो, पण बहुतेक वेळा अर्धाच. आज तो पूर्ण सांगते.

सुरुवात एका फसलेल्या प्रबंधापासून

रॉबर्ट रोझेंथल हा तरुण १९५६ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पीएचडीचा प्रबंध लिहीत होता. प्रयोग साधा होता. काही लोकांना यशाचा अनुभव द्यायचा, काहींना अपयशाचा, काहींना दोन्ही नाही. मग अनोळखी माणसांचे फोटो दाखवून 'हा माणूस यशस्वी वाटतो की अपयशी?' असं विचारायचं. आकडेवारी तपासताना त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. अनुभव देण्याच्या *आधी* घेतलेल्या चाचणीतच तिन्ही गटांत फरक होता, आणि तोही नेमका त्याच्या गृहीतकाला सोयीचा. म्हणजे नकळत त्याने स्वतःच लोकांना वेगवेगळी वागणूक दिली असण्याची शक्यता होती.

अशा वेळी माणूस काय करेल? मी त्याच्या जागी असते तर काय केलं असतं, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. रोझेंथलने मात्र ती चूकच आपला संशोधनाचा विषय केला. प्रयोग करणाऱ्याची अपेक्षा प्रयोगाच्या निकालात कशी शिरते?

पुढे नॉर्थ डकोटा विद्यापीठात त्याने कर्मिट फोडबरोबर उंदरांवरचा प्रयोग केला, तो १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. १२ विद्यार्थी, प्रत्येकाला पाच उंदीर. निम्म्या विद्यार्थ्यांना सांगितलं की तुमचे उंदीर भूलभुलैयात हुशार अशा वाणाचे आहेत, उरलेल्यांना सांगितलं की तुमचे मठ्ठ वाणाचे. खरं तर सगळे उंदीर सारखेच होते. तरीही 'हुशार' उंदीर जास्त वेळा बरोबर बाजूला वळले. त्यांना सांभाळणाऱ्या विद्यार्थ्यांनी नंतर सांगितलं की आम्ही आमचे उंदीर जास्त वेळा आणि हळुवारपणे हाताळत होतो.

त्याच वर्षी एका लेखाच्या शेवटी रोझेंथलने लिहिलं, की उंदरांच्या बाबतीत हे होत असेल तर शाळेतल्या मुलांच्या बाबतीतही होत असेल का, हे बघायला हवं. तो लेख लेनोर जेकबसन यांनी वाचला. त्या सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका सरकारी प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी रोझेंथलला पत्र लिहून कळवलं की मुलांवर प्रयोग करायचा झाला तर मला सांगा. या कहाणीत जेकबसनबाईंचं नाव नेहमी दुसरं येतं, पण त्यांच्या पत्राशिवाय पुढचं काही झालं नसतं.

यादीतली २० टक्के मुलं

शाळा कामगार वस्तीतली होती. पहिली ते सहावी, आणि प्रत्येक इयत्तेच्या तीन तुकड्या: वेगवान, मध्यम आणि संथ. आपल्या अ-ब-कसारख्याच! १९६४ च्या वसंतात सगळ्या मुलांची एक चाचणी घेतली. शिक्षकांना सांगितलं की ही हार्वर्डची नवी चाचणी आहे आणि कोणती मुलं येत्या वर्षात अचानक बहरणार आहेत ते तिच्यावरून कळतं. प्रत्यक्षात ती बुद्ध्यंक मोजणारी साधी चाचणी होती. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर प्रत्येक शिक्षकाला आपल्या वर्गातल्या काही मुलांची नावं दिली गेली. साधारण २० टक्के मुलं, आणि ती निवडली होती चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी. यादीतली आणि यादीबाहेरची मुलं यांच्यात फरक असलाच तर तो फक्त शिक्षकांच्या डोक्यात होता.

वर्षाअखेरीस तीच चाचणी पुन्हा घेतली. पहिलीत यादीबाहेरच्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी १२ गुणांनी वाढला होता, यादीतल्या मुलांचा २७.४ गुणांनी. दुसरीत ७ विरुद्ध १६.५. रोझेंथल आणि जेकबसन यांचं पुस्तक १९६८ मध्ये आलं आणि प्रचंड गाजलं. त्याच्या नावात पिग्मॅलियन होता, स्वतः घडवलेल्या पुतळ्याच्या प्रेमात पडलेला ग्रीक कथेतला शिल्पकार. याच नावाच्या शॉच्या नाटकावरून पुलंनी 'ती फुलराणी' केलं, त्यामुळे मंजुळा आपल्या ओळखीची आहेच.

प्रशिक्षणात गोष्ट इथे संपते: 'मुलांवर विश्वास ठेवा, ती बहरतील.' टाळ्या.

मग आकडे तपासले गेले

तिसरीपासून सहावीपर्यंत काय झालं? जवळपास काहीच नाही. तिसरीत दोन्ही गटांची वाढ सारखीच, ५ गुण. पाचवीतही सारखीच. सहावीत तर यादीबाहेरची मुलं किंचित पुढे होती. सगळा परिणाम पहिली-दुसरीचा, आणि तिथे यादीतली मुलं होती किती? पहिलीत ७, दुसरीत १२. एकूण १९ मुलं.

रॉबर्ट थॉर्नडाइक या मानसमापनतज्ज्ञाने त्याच वर्षी परखड परीक्षण लिहिलं. ही चाचणी इतक्या लहान मुलांसाठी भरवशाची नाही, असा त्याचा मुद्दा होता. पहिलीच्या एका वर्गाचा तर्कक्षमतेचा सरासरी बुद्ध्यंक सुरुवातीला ३१ निघाला होता! एवढा बुद्ध्यंक खरा असेल तर त्या वर्गाला पेन्सिल धरणंही जड गेलं असतं. मापच बिघडलेलं असेल तर वर्षाअखेरची 'वाढ' कशाची मानायची? १९७१ मध्ये जॅनेट एलाशॉफ आणि रिचर्ड स्नो यांनी आकडेवारी नव्याने तपासून एक पुस्तकच काढलं. त्यांचाही निष्कर्ष असा होता की एवढ्या मोठ्या दाव्याला हा पुरावा पुरत नाही.

इथवर आल्यावर मी जवळजवळ ठरवलं होतं की हा विषय सोडायचा. पण चांगला प्रश्न एका कच्च्या प्रयोगामुळे मरत नाही. पुढच्या वर्षांत तसे अनेक प्रयोग झाले, काहींत परिणाम दिसला, काहींत नाही. स्टीफन रॉडेनबुश याने १९८४ मध्ये अशा १८ प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली आणि एक नेमका प्रश्न विचारला: शिक्षकांच्या हाती यादी पडली तेव्हा ते त्या मुलांना किती दिवसांपासून ओळखत होते?

उत्तर अगदी स्वच्छ निघालं. ओळख दोन आठवड्यांहून जास्त जुनी असेल तर यादीचा परिणाम शून्याच्या आसपास. ओळख नुकतीच झालेली असेल तर परिणाम दिसत होता. म्हणजे शिक्षक काही भोळे नव्हते. मूल डोळ्यांसमोर वावरलेलं असेल तर ते यादीपेक्षा आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवत. मूल अनोळखी असेल तर यादीच त्यांचे डोळे होई. परिणाम पहिली-दुसरीत जास्त, मधल्या इयत्तांत कमी आणि सातवीत पुन्हा वर आलेला दिसला. अमेरिकेत सातवीत बरीच मुलं नव्या शाळेत जातात. आपल्याकडे गावातली शाळा सोडून हायस्कूलला पाचवीत नाहीतर आठवीत जातात, तसंच.

मग आज काय म्हणता येतं?

ली जसिम आणि केंट हार्बर यांनी २००५ मध्ये जवळपास ३५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. शिक्षकांच्या अपेक्षा पुष्कळदा बरोबर असतात, आणि मुलांच्या यशावर त्यांचा स्वतंत्र परिणाम सरासरीने लहान असतो. पण सरासरी सगळ्यांना सारखी लागू होत नाही. ज्या गटांकडे समाज आधीच कमी लेखून बघतो, त्या मुलांवर हा परिणाम मोठा असू शकतो.

भारतातही याच्या जवळ जाणारे दोन अभ्यास आहेत. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या गावांत सहावी-सातवीच्या मुलग्यांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. जात जाहीर केली नव्हती तेव्हा उच्च आणि निम्न मानल्या गेलेल्या जातींतली मुलं सारखीच सोडवत होती. सगळ्यांसमोर नाव-जात वाचून दाखवल्यावर दुसऱ्या गटाची कामगिरी २० टक्क्यांच्या आसपास घसरली. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठावर जात यादृच्छिक पद्धतीने बदलून शिक्षकांकडून त्या तपासून घेतल्या. 'निम्न' जात लिहिलेल्या पेपरांना ०.०३ ते ०.०८ प्रमाण विचलनाइतके कमी गुण पडले. फरक लहान आहे, पण तो एका पेपरातला. मूल शाळेत असे किती पेपर लिहितं?

मूळ प्रयोगातली एक नोंद मात्र माझ्या मनातून जात नाही. वर्षाअखेरीस शिक्षकांना मुलांच्या वागण्याबद्दल विचारलं होतं. यादीतली मुलं त्यांना जास्त चौकस, जास्त आनंदी वाटली. यादीबाहेरची काही मुलंसुद्धा स्वतःच्या बळावर वर आली होती. पण ती जितकी वर आली, तितकं त्यांच्याबद्दलचं मत बिघडलेलं होतं, आणि हे संथ तुकडीत जास्त ठळक होतं. ज्याच्याकडून अपेक्षा नाही, त्याने चांगलं करून दाखवलं तर ते शिक्षकांना खुपतं की काय? त्या प्रयोगाच्या आकड्यांबद्दलच्या सगळ्या शंका इथेही लागू होतात, हे मला मान्य आहे. तरी शाळेत शिकलेल्या कुणालाही ही गोष्ट अगदीच अनोळखी वाटणार नाही.

आणि एक लक्षात घ्या. रोझेंथल आणि जेकबसन यांनी अपेक्षा फक्त वाढवल्या. 'ही मुलं मागे पडणार' अशी खोटी यादी शिक्षकांच्या हाती देणं अनैतिक झालं असतं, म्हणून त्यांनी तसं केलं नाही. आमच्या फलकावर ती यादी दर जूनमध्ये लागत होती, आणि तीही शिक्षक नि मुलं वर्गात भेटण्याच्या आधी, म्हणजे रॉडेनबुशच्या हिशोबाने सगळ्यात नाजूक वेळी.

चुलतभाऊ 'अ'मध्ये असता तर काय झालं असतं, हे मला कधीच कळणार नाही. एका मुलावर प्रयोग दोनदा करता येत नाही. सगळा दोष सरांवर टाकणंही बरोबर नाही, कारण संशोधन तसं म्हणत नाही. पण ज्या प्रश्नाला घरात आम्ही 'ड'मधलाच तो, असं म्हणून निकालात काढलं होतं, तो निकालात निघालेला नव्हता.

मी आता बी.एस्सी.च्या मुलांची प्रात्यक्षिकं घेते. गेल्या वर्षी जर्नल तपासताना माझ्या लक्षात आलं, की नावाजलेल्या मुलीची आकृती चुकली तर मी 'घाईत झालं असेल' म्हणते, आणि दुसऱ्याची तीच आकृती चुकली तर लाल पेन उचलते. रोझेंथलला त्याच्या प्रबंधात दिसलं होतं तेच मला माझ्या लाल पेनात दिसलं. तेव्हापासून दोन गोष्टी पाळते. जर्नल तपासताना नावाचं पान दुमडून ठेवते. आणि नवी बॅच आली की पहिले दोन आठवडे त्यांचे आधीचे मार्क बघत नाही. एवढ्याने फार काही बदलेल असा माझा दावा नाही. पण निदान त्या दोन आठवड्यांत मूल मला माझ्या डोळ्यांनी दिसतं.