ओंवीची लय आणि यंत्राची मात्रा

मालेगांवांत राहणाऱ्यास दोन लयींचा भेद सहज कळतो. एक यंत्रमागाची. धोटा जातो व येतो, फणी आपटते, आणि वीज चालू आहे तोंवर त्या खटक्यांत तसूभरहि फरक पडत नाहीं. दुसरी लय जात्याची. ती आतां आसपासच्या खेड्यांतूनहि क्वचितच कानीं पडते. दाणे वैरतांना जातें मंदावतें, हात बदलला कीं वेग बदलतो, आणि ओंवीचा शब्दहि त्यासरशी लांबतो किंवा आखूड होतो. मुद्रित झालेलें गाणें ताणून अगर आवळून ठराविक मात्रांत बसविण्याची विद्या आज संगणकास अवगत झाली आहे. तिचा इतिहास पाहतांना ह्या दोन्ही लयी ध्यानांत ठेवाव्या लागतात.

ध्वनिमुद्रणाच्या आरंभीं काळ व स्वर हे एकमेकांस जखडलेले होते. १९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें तबकडीवर उतरविलें. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें मावत. तासभर विस्तारणारा ख्याल तींत बसवावयाचा, म्हणजे गवयास आलाप आवरता घेणें भाग पडे. तरीहि ही काटछाट तो स्वतः करी. काय ठेवावें व काय गाळावें हा विवेक त्याचाच असे. तबकडी एकदां तयार झाली, कीं तिचा वेग बदलणें म्हणजे स्वर बदलणें. मिनिटास ७८ फेऱ्यांची तबकडी सुमारें ८३ फेऱ्यांनीं फिरविली, तर काळी एकचा षड्ज पांढरी दोनवर जातो. वेग दुप्पट केला, तर गाणें एक सप्तक वर चढतें. आरंभींच्या तबकड्यांचे वेग एकसारखे नव्हते. त्यामुळें एखाद्या जुन्या गवयाचा खरा षड्ज कोणता, हें ठरवितांना अभ्यासकांस आजहि विचार पडतो.

ही गांठ सोडविण्याचा मार्ग १९४६ सालीं दिसूं लागला. हंगेरींत जन्मलेले व इंग्लंडांत काम करणारे डेनिस गॅबर, ज्यांस पुढें १९७१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, यांनीं ध्वनि हा सूक्ष्म कणांचा बनलेला मानतां येतो असें दाखविलें. युक्ति समजण्यास सोपी आहे. आवाजाचे सेकंदाच्या कांहीं शतांशांएवढे तुकडे करावे. गाणें लांबवावयाचें तर कांहीं तुकडे दोनदां वाजवावे, आखूड करावयाचें तर कांहीं गाळावे, आणि सांधे एकमेकांवर किंचित् चढवावे. तुकड्याच्या पोटांतील कंपनें जशींच्या तशीं राहिल्यानें स्वर ढळत नाहीं, काळ तेवढा बदलतो. १९६६ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लॅनॅगन व गोल्डन यांनीं दुसरी रीत मांडली. तींत आवाजांतील निरनिराळीं कंपनें वेगळीं काढून नव्या कालमानांत पुनः जुळवितात. दोष दोन्ही रीतींत आहे. लांबविलेला स्वर खपून जातो. परंतु तबल्याच्या थापेसारखा क्षणिक आघात एकतर दोनदां उमटतो, नाहींतर बोथट होतो.

संगणक स्वस्त झाले तशी ही विद्या घरोघर पोंचली. २००१ सालीं बर्लिनच्या एबलटन कंपनीनें काढलेल्या ‘लाइव्ह’ ह्या प्रणालींत गाणें वाजत असतांनाच त्याचा काळ ताणतां येऊं लागला. अशा प्रणालींत पडद्यावर मात्रांच्या उभ्या रेषा, मागावरील ताण्याप्रमाणें, आखलेल्या असतात. गाण्यांतील आघात शोधून प्रत्येकास जवळच्या रेषेवर ओढून बसवितां येतें. तीन शहरांत तीन वेळीं मुद्रित झालेले वादक अशा रीतीनें एका ठेक्यांत आणतां येतात. ह्या सोयीस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं.

प्रश्न आहे तो आपल्या गाण्याचा. बालगंधर्वांच्या नाटक मंडळींत अहमदजान थिरकवाँ यांच्यासारखे तबलानवाज होते. ठेका ठाम असतो, म्हणूनच गायकास शब्द मात्रेच्या किंचित् मागें ठेवतां येतो व समेवर येऊन मिळतां येतें. तें अंतर ही चूक नव्हे. तीच त्याची गायकी.

ओंवीस तर ठेकाहि नसतो. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं अनेक वर्षें खपून महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओंव्या गोळा केल्या. त्यांपैकीं कांहीं हजार ओंव्यांचें ध्वनिमुद्रण संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांच्या साह्यानें झालें. २०१७ पासून हा ठेवा ‘परी’ ह्या संकेतस्थळावर सर्वांस खुला होत गेला. अशा ओंवीस तबला जोडण्याचा मोह कोणासहि होईल. परंतु जेथें त्या बाईचा श्वास तुटतो, जेथें दाणे वैरण्यास हात थांबतो, तेथें यंत्रास केवळ चुकलेली लय दिसेल व यंत्र ती निमूटपणें सुधारील. ओंवी सुरेल उरेल, पण तींतून दळण गेलेलें असेल.

नकलाकारांच्या हातून ज्ञानेश्वरीचे पाठ बिघडले, तेव्हां एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, तिची प्रत शुद्ध केली, आणि तींत कोणीं आपली ओंवी घालूं नये अशी ताकीदहि दिली. ध्वनिमुद्रणाविषयींहि असाच दंडक हवा. नवी रचना खुशाल करावी. पण मूळ मुद्रण निराळें जपावें, आणि ताणलेल्या प्रतीवर ती ताणलेली आहे असें स्पष्ट लिहावें. ज्यांच्या घरीं आजीच्या ओंव्या मुद्रित करून ठेवल्या असतील, त्यांनीं निदान एवढें पथ्य पाळावें, ही माझी विनंति आहे.