बातमी आधी पोहोचली

25 ऑक्टोबर 1760. अफगाण बादशहा अहमदशहा अब्दाली बागपतजवळ भरलेल्या यमुनेत घोडे घालतो. मराठ्यांच्या जासुदांकडून खात्रीची खबर येईपर्यंत त्याची फौज पश्चिम तीरावर चढलेली असते. पानिपत आणि दिल्ली यांच्यामध्ये आता अब्दाली आहे.

13 जानेवारी 1761, रात्र. दिल्लीची वाट तुटलेल्या मराठ्यांच्या पानिपतच्या छावणीत दोन दिवस शिपायांच्या पोटात अन्न नाही. मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांच्या डेऱ्यात ठरते: उजाडण्यापूर्वी बाहेर पडायचे. विडे वाटले जातात.

14 जानेवारी, पहाटे सुमारे 3. अब्दालीच्या बाजूचा अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या गोटात काशीराज आहे. मराठी ब्राह्मण, नवाबाचा कारभारी, तहाच्या बोलण्यातला दुवा. त्याच्याकडे भाऊंच्या हातची चिठ्ठी येते: जमत असेल तर आत्ताच करा, नाहीतर साफ सांगा, पुढे लिहायला-बोलायला सवड नाही. काशीराज ती नवाबाच्या कानावर घालत असतानाच नवाबाचे हरकारे पोहोचतात. मराठे निघाले आहेत. चिठ्ठीचे उत्तर राहून जाते.

थोड्याच वेळाने. शुजा अब्दालीशहाला उठवतो. डेऱ्याच्या दाराशी खोगीर घातलेला घोडा नेहमीच उभा असतो. शहा स्वार होतो.

उजाडताना. लुटीचे उंट घेऊन आलेले शहाचे दुराणी सांगतात, मराठे पळाले. शहा शुजाकडे वळून विचारतो, आता काय म्हणता? तेवढ्यात मराठ्यांच्या तोफा सुरू होतात. शहा हुक्का नोकराच्या हाती देतो. शुजाची बातमी खरी होती.

सकाळ. मराठ्यांकडील इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांवर तुटून पडतात. मधल्या फळीत अब्दालीचा वजीर शहावलीखान याची माणसे पाठ फिरवतात.

दुपारी 12. शहाला हे कळते. पळणाऱ्यांना मागे वळवले जाते, सुमारे 10,000 स्वार वजिराच्या मदतीला जातात. भाऊंपाशी राखून ठेवलेली फौज नाही.

2 ते 3. पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना गोळी लागते. भाऊ अंबारीतून उतरून घोड्यावर बसतात. अंबारी रिकामी दिसताच भाऊ पडल्याची हूल उठली, असे बखरी सांगतात. मराठा सरदार विंचूरकरांच्या पदरच्या पठाणांनी ओळखीसाठीच्या भगव्या पट्ट्या फेकून आपल्याच गोटात लूट मांडली, असेही काही वृत्तांत म्हणतात. फौज फिरते.

24 जानेवारी, भेलसा. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले आहेत. मराठे छावणीबाहेर पडल्याचे शत्रूला उजाडण्यापूर्वीच कळले होते. फौज बुडाल्याचे पेशव्यांना दहा दिवसांनी कळते, तेही वाटेत हाती लागलेल्या एका सावकाराच्या सांकेतिक पत्रातून.